तीन वर्षांहून जुनी, पन्नास वर्षांहून तरुण : परदेशी फटफटी भारतात कायद्याने कशी येते

१९३३ साली मॅक्स राइश आणि हर्बर्ट टिखी हे दोन ऑस्ट्रियन तरुण २५० सीसीच्या पुख मोटारसायकलवरून बाल्कन, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण आणि बलुचिस्तान ओलांडून हिंदुस्थानात आले आणि मुंबईला पोहोचले. अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. यातील टिखी यांचे नाव पुढे १९५४ साली चो ओयू या हिमशिखरावरील पहिल्या यशस्वी चढाईमुळे जगभर झाले. वाळवंट, पंक्चर, उन्हाने तापलेले इंजिन यांच्या कथा प्रवासवर्णनांत भरपूर सापडतात. मात्र अशा प्रत्येक प्रवासात, प्रत्येक सीमेवर, एक अत्यंत रुक्ष प्रश्न उभा असे : ही फटफटी तुम्ही आमच्या देशात विकून जाणार नाही, हे कशावरून? या एका प्रश्नाच्या उत्तरातून शंभर वर्षांत जो कायदा घडला, त्याचा हा थ्रेड.

कस्टमच्या दृष्टीने मोटारसायकल ही मुळातच अडचणीची वस्तू. प्रवाशाच्या अंगावरचा कोट हे त्याचे सामान. जहाजाच्या तळातली कापडाची गाठ हा व्यापाऱ्याचा माल. फटफटी यांपैकी दोन्ही आहे. ती स्वाराला वाहून आणते म्हणून सामान, आणि पुढच्या कोणत्याही गावात तिला गिऱ्हाईक मिळू शकते म्हणून माल. त्यात ती वापरलेली असली की पेच वाढतो. कोऱ्या गाडीची किंमत पावतीवर लिहिलेली असते. जुन्या गाडीची किंमत विकणारा सांगतो ती, की घेणारा देतो ती, की कस्टमचा अधिकारी मानतो ती?

सुरुवातीच्या काळात यावर उपाय एकच होता : अनामत. सीमेवर येताना गाडीवरचे पूर्ण आयातशुल्क रोख भरायचे आणि बाहेर पडताना पावती दाखवून ते परत घ्यायचे. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात मात्र स्वार एका नाक्यातून आत शिरतो आणि शेकडो मैलांवरच्या दुसऱ्याच नाक्यातून बाहेर पडतो. तिथल्या पेटीत तेवढी रोकड असेलच असे नाही, आणि असली तरी ती त्या देशाच्या चलनात, जे पुढच्या देशात कोणी घेत नाही. वाटेत सहा देश असतील तर सहा वेळा हाच व्यवहार.

यातून वाट काढली ती मोटारवाल्यांनी नव्हे, सायकलवाल्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सायकल हे मध्यमवर्गाचे वेड होते. इंग्लंडमधील सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब, फ्रान्समधील टुरिंग क्लब द फ्रान्स अशा संस्थांचे सभासद सुट्टीत सायकली घेऊन शेजारच्या देशांत जात आणि सीमेवर अनामतीपायी अडकत. तेव्हा या क्लबांनी परदेशांच्या कस्टम खात्यांशी बोलणी करून एक सवलत मिळवली : सभासदाने क्लबचे ओळखपत्र दाखवावे, सायकल विनाशुल्क आत न्यावी, आणि तो ती परत आणील याची नैतिक जबाबदारी क्लबची. १८९८ साली लक्झेंबर्ग येथे अशा क्लबांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. राज्यसंस्था अनोळखी माणसावर विश्वास ठेवत नाही, पण त्याच्यासाठी जामीन राहणाऱ्या संस्थेवर ठेवते, हे तत्त्व इथे पहिल्यांदा चाकांना लागू झाले.

सायकलीच्या जागी मोटार आणि मोटारसायकल आली तेव्हा रकमा वाढल्या आणि नुसत्या ओळखपत्रावर भागेना. मग आले ‘त्रिप्तिक’, म्हणजे तीन भागांचा कागद. एक भाग आत शिरताना फाडून घ्यायचा, दुसरा बाहेर पडताना, तिसरा स्वाराजवळ राहायचा. त्रिप्तिक एका देशापुरते असे. अनेक देशांच्या प्रवासासाठी पहिल्या महायुद्धापूर्वीच त्याची वही तयार झाली. तिचे फ्रेंच नाव ‘कार्ने द पासाज आँ दुआन’. जगभरचे स्वार तिला नुसते ‘कार्ने’ म्हणतात.

मध्ययुगीन इतिहास वाचणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. मोगल काळातील ‘दस्तक’ आठवावे. १७१७ च्या फर्मानानंतर बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या दस्तकावर माल जकातीशिवाय पुढे जाई, आणि त्या दस्तकांच्या गैरवापरावरून पुढे काय रामायण घडले ते सर्वश्रुत आहे. दस्तकात आणि कार्नेत एक मूलभूत फरक आहे. दस्तक सांगे, ‘हा माल जकातमुक्त आहे.’ कार्ने सांगते, ‘या गाडीवर जकात आहे, पूर्ण आहे, फक्त ती वसूल करण्याची वेळ अजून आलेली नाही.’ कार्नेवर फिरणारी फटफटी म्हणजे चालते-बोलते न भरलेले कर्ज.

त्या वहीचे पान कसे असते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पानाचे आडवे तीन भाग. देशात शिरताना अधिकारी एक भाग फाडून ठेवतो आणि वहीत उरणाऱ्या भागावर शिक्का मारतो. बाहेर पडताना दुसरा भाग फाडला जातो आणि त्याच उरलेल्या भागावर दुसरा शिक्का बसतो. दोन शिक्के म्हणजे हिशेब चुकता. एकच शिक्का म्हणजे कायद्याच्या लेखी गाडी अजून त्या देशातच आहे, मग प्रत्यक्षात ती व्हिएन्नाच्या गॅरेजात का उभी असेना. मुखपृष्ठावर गाडीचे वर्णन : इंजिन नंबर, चासी नंबर, सिलिंडर किती, रंग कोणता, आसने किती, आतील गादीकाम कसे, रेडिओ आहे का, जादा टायर किती. हा नमुना मोटारींसाठी बेतलेला. फटफटीवाल्याने गादीकामाच्या रकान्यात काय लिहावे, याचा विचार करणाऱ्याने केलेला नाही. मात्र इंजिन नंबराच्या रकान्यात थट्टेला जागा नसते. वाटेत इंजिन बदलले की कायद्याच्या दृष्टीने गाडीच बदलते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सगळ्या व्यवस्थेला आंतरराष्ट्रीय कराराचे रूप मिळाले. ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा करार झाला आणि डिसेंबर १९५७ मध्ये तो अमलात आला. भारतही त्याचा सदस्य आहे. या करारातील दोन तरतुदी मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत.

पहिली मुदतीची. कागदाची मुदत संपून एक वर्ष उलटेपर्यंत कस्टमने हमीदार संस्थेला ‘गाडी बाहेर गेलेली नाही’ असे कळवले नाही, तर पैसे मागण्याचा हक्क संपतो. नोकरशाहीच्या आळसाला कायद्याने घातलेला हा लगाम.

दुसरी तरतूद अपघाताची. गाडीचा चक्काचूर झाला आणि तसे रीतसर सिद्ध झाले, तर ती परत नेण्याची सक्ती नाही. पण मग तीन पर्याय उरतात : शुल्क भरा, गाडी सरकारजमा करा, किंवा सरकारी देखरेखीखाली आपल्या खर्चाने ती नष्ट करा. म्हणजे परदेशी फटफटीचा मृत्यूसुद्धा पंचांसमक्ष व्हावा लागतो. एखाद्या दरीत कोसळलेली गाडी तशीच सोडून स्वार विमानाने घरी गेला, तर कायदा समजतो की त्याने ती विकली.

मुंबईचा या व्यवस्थेशी जुना संबंध आहे. १९१९ साली येथे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली. चर्चगेटजवळ कार्यालय असलेल्या या संस्थेकडे मुंबईकर एकेकाळी गाडी चालवण्याच्या शिकवणीसाठी आणि रस्त्यांच्या नकाशांसाठी जात. स्वतःची गाडी घेऊन परदेशी निघालेल्यांना कार्नेही तिच्याकडूनच मिळे. असा क्लब जामीन राहतो तो फुकट नव्हे. तो स्वाराकडून बँक हमी घेतो आणि तिची रक्कम गाडीच्या किमतीवर नव्हे, तर वाटेतल्या सर्वांत कडक देशाच्या शुल्कावर ठरते. ज्या देशात आयातशुल्क गाडीच्या किमतीहूनही अधिक, त्या देशातून जायचे तर हमीही किमतीहून अधिक. जुन्या गाडीवर निघालेल्या कफल्लक तरुणाला गाडीपेक्षा तिच्या परतीच्या वचनासाठी जास्त पैसे गुंतवावे लागत, आणि अशा देशांच्या यादीत भारताचे स्थान नेहमीच वरचे राहिले.

ते का, हे समजण्यासाठी दुसऱ्या दरवाजाकडे वळावे लागते. कार्ने हा परत जाणाऱ्या गाडीचा दरवाजा. जी गाडी इथेच राहणार, तिचा दरवाजा वेगळा आणि त्याचा इतिहास अधिक कडवट आहे.

१९४० साली महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात आयात नियंत्रण लागू केले. हेतू तात्पुरता होता : जहाजांतली जागा आणि परकी चलन युद्धासाठी राखणे. युद्ध संपले, राज्य बदलले, नियंत्रण राहिले. १९४७ च्या आयात-निर्यात (नियंत्रण) कायद्याने त्याला पक्के रूप दिले आणि १९५५ च्या आदेशाने परवान्यांची सविस्तर व्यवस्था उभी राहिली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने भारतातच सुटे भाग बनवतील त्यांनाच गाड्या जोडण्याची मुभा मिळाली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. दुचाकींत १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला जावा आणि फरिदाबादला राजदूत आली. या रचनेत परदेशातील वापरलेल्या मोटारसायकलीला स्थानच नव्हते. नव्या उद्योगाच्या यंत्रसामग्रीसाठी पौंड-डॉलर पुरत नसताना कोणाच्या तरी हौसेच्या जुन्या ट्रायम्फसाठी ते खर्च करणे हे त्या काळच्या अर्थमंत्र्यांना चैन वाटले, आणि १९५७ च्या परकी चलनाच्या टंचाईकडे पाहता ते चुकीचे वाटले असे म्हणवत नाही. चूक असलीच तर पुढची तीस-पस्तीस वर्षे तोच हिशेब न बदलता वापरला यात आहे.

मग त्या काळात रस्त्यावर दिसणाऱ्या परदेशी फटफट्या कुठून आल्या? बऱ्याचशा युद्धातून. लष्करासाठी आलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस गाड्या युद्धानंतर ‘डिस्पोजल’ म्हणून विकल्या गेल्या. त्या आल्या लष्करी सामान म्हणून. व्यापारी आयातीचा कागद त्यांच्या वाट्याला आलाच नाही. दुसरा मार्ग दूतावासांचा. परदेशी मुत्सद्दी आपल्या मोटारी विनाशुल्क आणू शकत, पण जाताना त्या खुल्या बाजारात विकण्यास मनाई होती; स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी त्या घेई आणि निविदा मागवून विके. वापरलेल्या परदेशी गाडीचा सर्वांत मोठा कायदेशीर व्यापारी खुद्द भारत सरकार होते, ही त्या काळातली गंमत.

तिसरा मार्ग सर्वांत विलक्षण, आणि तो आपल्या शेजारचा आहे. १९५५ नंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. पोर्तुगीज सरकारने उत्तरादाखल समुद्रमार्गे आयात सैल सोडली, लोहखनिजाच्या निर्यातीतून पैसा येत होता, आणि गोव्याच्या बाजारात युरोपीय माल स्वस्त मिळू लागला. सावंतवाडी-बांद्याच्या अलीकडे जी वस्तू परवान्याशिवाय स्वप्नातही आणता येत नव्हती, ती पलीकडे पत्रादेवीनंतर दुकानात मांडलेली असे. मोटारी आणि मोटारसायकलीही त्यात आल्या. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या दिवशी म्हापशाच्या किंवा मडगावच्या अंगणात उभी असलेली फटफटी एक इंचही हलली नाही, आणि तरीही ती भारतात आली. तिने सीमा ओलांडली नाही. सीमाच तिच्यावरून निघून गेली. मर्सिडीझ मोटारी टॅक्सी म्हणून धावताना पाहून साठच्या दशकात गोव्यात गेलेले मुंबईकर चकित होत, त्याचे मूळ या सहा-सात वर्षांत आहे.

याच दशकांत कार्नेचा दरवाजा मात्र सताड उघडा होता, हे विसरू नये. युरोपातून तुर्कस्तान-इराण-अफगाणिस्तानमार्गे भारतात येणाऱ्यांची रीघ लागली होती. १९७३ ते १९७७ या काळात टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराने ५०० सीसीच्या ट्रायम्फवरून जगप्रदक्षिणा केली, त्यात भारतही होता. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी एल्स्पेथ बिअर्ड ही वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी १९७४ च्या, आधीच वापरलेल्या बीएमडब्ल्यू आर-६०/६ वरून भारतातून गेली. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, अशी जुनी परदेशी गाडी पूर्णपणे कायदेशीर असे आणि तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्या भारतीय तरुणाला तशीच गाडी विकत घेणे पूर्णपणे बेकायदेशीर. फरक गाडीत नव्हता. एकीने परत जाण्याचे वचन दिले होते.

नव्वदच्या दशकात परवाना-राज सैल झाले, तरी हा दरवाजा लगेच उघडला नाही. परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमच्या परतणाऱ्या भारतीयाला, किमान वर्षभर स्वतःच्या मालकीची असलेली एक गाडी पूर्ण शुल्क भरून आणता येत असे. ‘वास्तव्याचे स्थलांतर’ या नावाची ही सवलत. बाकीच्यांसाठी बंदी. ही बंदी शेवटी उठवली ती दिल्लीने स्वखुशीने नव्हे, तर जिनिव्हातून आलेल्या निकालामुळे. परकी चलनाच्या अडचणीचे कारण देऊन भारताने शेकडो वस्तूंवर संख्यात्मक निर्बंध ठेवले होते. १९९७ साली अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. १९९९ मध्ये भारत आधी पॅनेलपुढे आणि मग ऑगस्टमध्ये अपिलातही हरला. निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले आणि उरलेल्या ७१५ वस्तू १ एप्रिल २००१ पासून मोकळ्या झाल्या. त्यात जुन्या गाड्याही होत्या.

त्या वेळी सरकार आणि वाहन उद्योग दोघांच्याही डोळ्यांसमोर एक उदाहरण होते : न्यूझीलंड. तिथे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जपानमधील वापरलेल्या मोटारींना दारे उघडली गेली. जपानी रस्तेही डाव्या बाजूने चालणारे, त्यामुळे स्टेअरिंगचा प्रश्न नाही; तिथली सक्तीची वाहन तपासणी महागडी, त्यामुळे लोक चांगल्या अवस्थेतली गाडीसुद्धा काढून टाकतात. स्वस्त जपानी मोटारींचा लोंढा आला आणि आयातशुल्क उतरत गेले तशी न्यूझीलंडमधील गाड्या जोडण्याची कारखानदारी १९९८ पर्यंत बंद पडली. पुणे, चाकण, गुडगाव, चेन्नई येथील कारखान्यांना हे चित्र दिसत होते. भीती निराधार नव्हती.

बंदी घालता येत नाही, मग काय करायचे? उत्तर ३१ मार्च २००१ रोजी, निर्बंध उठण्याच्या आदल्या दिवशी, वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांनी जाहीर केलेल्या धोरणात मिळाले. जुनी गाडी आणता येईल, पण ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नको. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा, वेगदर्शक किलोमीटरमध्ये हवा. जहाजावर चढण्यापूर्वी परदेशातील मान्य संस्थेचे प्रमाणपत्र हवे. भारतात उतरल्यावर पुन्हा चाचणी, ती पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) लष्करी वाहन संशोधन संस्था अशा ठिकाणी. आयातीनंतर किमान पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि तेवढी वर्षे देशात तिच्या दुरुस्तीची सोय असेल, याची हमी. आणि ती उतरेल फक्त मुंबई बंदरात. चेन्नईच्या माणसाला सिंगापूरहून जुनी मोटारसायकल आणायची, तर तिने आधी सगळा हिंदी द्वीपकल्प वळसा घालून मुंबईच्या गोदीत यावे, पुण्या-नगरला परीक्षा द्यावी आणि मग घरी जावे. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वापरलेल्या वाहनांवरील मूळ सीमाशुल्क १०५ टक्के झाले होते. इतर कर त्यावर वेगळे.

या अटी एकेक करून वाचल्या तर प्रत्येक अट शहाणपणाची वाटते. रस्त्यावर सुरक्षित गाडी असावी, सुटे भाग मिळावेत, बंदरात तपासणी नीट व्हावी, याला कोण नाही म्हणेल? एकत्र वाचल्या की त्यांचा हेतू दिसतो. पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी एखादी कंपनी देऊ शकते. एकच फटफटी आणणारा माणूस कुठून देणार? दाराला कुलूप लावण्यास मनाई झाली, तेव्हा दारात एकापाठोपाठ एक नऊ उंबरे घातले गेले.

नव्या मोठ्या मोटारसायकलींसाठी मात्र पुढे वाट निघाली, आणि ती निघण्यात हापूस आंब्याचा हात होता. भारतीय आंब्याला अमेरिकेत १९८९ पासून प्रवेश नव्हता; फळमाशीसारख्या किडींचे कारण होते. भारताला आंबा विकायचा होता, अमेरिकेला हार्ले-डेव्हिडसन. एप्रिल २००७ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांची अडचण सोडवली. नाशिकजवळ लासलगावच्या केंद्रात विकिरण करून हापूस-केशरच्या पेट्या अमेरिकेला गेल्या, आणि ८०० सीसी व त्यापुढच्या मोटारसायकलींना युरो-३ प्रमाणावर, भारतातील चाचणीच्या पूर्ण चक्रातून न जाता, येण्याची मुभा मिळाली. ही मुभा कोऱ्या गाड्यांची. वापरलेल्या हार्लेला तीन वर्षांची अट होतीच.

कायदेशीर दार एवढे अरुंद असले की भिंतीला भोके पडतात. वापरलेली गाडी सुट्या भागांत वाटून ‘स्पेअर पार्ट’ म्हणून आणणे, उत्पादनाचे वर्ष लपवणे, किंमत कमी दाखवणे हे प्रकार वर्षानुवर्षे पकडले जात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळातील कस्टम अधिकाऱ्यांनी भूतानमार्गे आणल्याचा संशय असलेल्या जुन्या महागड्या मोटारींवर छापे घातले. या मोहिमेला त्यांनी ‘नुमखोर’ हे नाव दिले. भूतानच्या झोंखा भाषेत त्याचा अर्थ ‘वाहन’. भूतानच्या वाहनांना भारतात येण्यासाठी कार्ने लागत नाही. परतीचे वचन न घेता उघडी ठेवलेली ही सीमा, आणि म्हणून संशयाची सुई तिच्याकडे वळली.

दरम्यान वयाच्या प्रश्नाला आणखी एक टोक फुटले. धोरणात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी वागणूक होती. उलट दिशेने, त्या वर्षापूर्वीच्या मोटारी आणि १ जानेवारी १९४० पूर्वीच्या मोटारसायकली देशाबाहेर नेण्यास परवाना लागे, कारण त्या वारसा ठरल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांचे प्रकरण आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रचनेत मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरेल. आयात केलेली असेल तर कस्टमचे ‘बिल ऑफ एंट्री’ जोडावे. शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. २०२५ मध्ये आयात धोरणानेही १९५० चा ठाम आकडा सोडून दरवर्षी पुढे सरकणारी पन्नास वर्षांची रेषा स्वीकारली.

म्हणजे आजचा हिशेब असा होतो. परदेशातील मोटारसायकल पहिली तीन वर्षे ‘वापरलेले वाहन’ म्हणून येऊ शकते, निदान कागदावर. पन्नास वर्षांनंतर ती ‘वारसा’ म्हणून येऊ शकते. मधली सत्तेचाळीस वर्षे ती सामान्य माणसासाठी जवळजवळ अस्पृश्य आहे, आणि नेमक्या याच वयाची गाडी त्याला परवडते. दुबईत किंवा लंडनमध्ये दहा वर्षे नोकरी करून स्वतःच्या पैशाने घेतलेली बारा वर्षांची होंडा घेऊन परतणाऱ्या माणसाला ही रेषा पहिल्यांदा दिसते ती गोदीतल्या खिडकीसमोर. तोपर्यंत जहाजाचे भाडे भरून झालेले असते आणि गोदीचे रोजचे भाडे चढू लागलेले असते.

एल्स्पेथ बिअर्ड ज्या गाडीवरून भारतातून गेल्या त्या १९७४ सालच्या बीएमडब्ल्यूला २०२४ मध्ये पन्नास वर्षे झाली. तशी गाडी आज एखाद्या पुणेकराला कायद्याने आणता येईल, तिला ‘व्हीए’ नंबर मिळेल, पण ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येणार नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, देखभाल आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती बाहेर पडू शकते. तीच गाडी, त्याच सालची, एखादा जर्मन स्वार कार्नेवर घेऊन आला तर तो तिच्यावरून सहा महिने कन्याकुमारीपासून लेहपर्यंत कुठेही फिरू शकतो. सहा महिन्यांनी, मुंबईच्या गोदीत, वहीवर दुसरा शिक्का मारून घ्यायचा.